कोमट तारा

भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात कोहळे दिसू लागले की मी समजते, थंडी आली. स्वेटर, मफलर या नंतरच्या गोष्टी. रस्त्याच्या कडेला पोत्यांवर अंगाला पांढरी भुकटी फासलेले जाडजूड कोहळे बसलेले असतात, पहिल्या पंगतीला बसलेल्या मामांसारखे, आणि त्यांच्यामागे बसलेली बाई त्यांना रखिया म्हणते. आम्ही विदर्भातून आलेली माणसं कोहळं म्हणतो. घासाघीस मात्र दोघी हिंदीत करतो, म्हणजे कोणाचा कोणावर उपकार राहत नाही.

यंदाही एक उचलून आणलं. उडदाची डाळ भिजत घातली. बड्या, म्हणजे उन्हात वाळवायचे सांडगे, करायच्या. गुडघे नको म्हणतात, पण गुडघ्यांना विचारतं कोण. तेवढ्यात नातीचा फोन आला. ती बंगळुरूला कॉलेजात शिकते आणि महिन्यातून दोनदा मला काहीतरी नवीन शिकवायचं तिने मनावर घेतलं आहे. या वेळी म्हणाली, "आजी, इस हफ्ते तारे टूटेंगे, बहुत सारे. छतावर जाऊन पाहशील ना?"

मी म्हटलं, "माह्या वाट्याचा तारा मी पाह्यला, बाई. तू पाह्य आता."

ती हसली. तिला वाटलं, आजी थंडीला घाबरली. थंडीला तर घाबरलेच, पण म्हटलं ते खोटं नव्हतं. फोन ठेवला, कोहळं किसायला घेतलं, आणि किसता किसता ती सकाळ अशी अंगावर आली की बोटाचं साल किसणीवर जायचं थोडक्यात वाचलं.

आमच्या भिलाईचं आभाळ हे तसं वर पाहण्यासारखं आभाळ नाही. माणसं इथे खाली पाहून चालतात. सायकल, खड्डा, गाय, हे सगळं खालीच असतं. वर पाहावं तर अंधार पडल्यावर कारखान्याकडचा भाग तांबूस, आणि मध्येच कधीतरी अर्धं आभाळ एकदम केशरी होतं, चुलीत कोणी फुंकर मारावी तसं. भट्टीतून लोखंड काढलं की जो मळ राहतो, त्याला इथलं शेंबडं पोरही स्लॅग म्हणतं, तो वितळलेला मळ गाडीनं नेऊन ओततात. ओतला की उजेड. थोडा वेळ घरांच्या भिंती, झाडं, वाळत घातलेल्या साड्या सगळं केशरी, मग पुन्हा काळोख. कोणी मान वर करत नाही. फार तर एखादा म्हणतो, स्लॅग ओतला, आणि भाताचा पुढचा घास घेतो.

मी मात्र मान वर केली होती. लग्न होऊन गोंदियाच्या पलीकडच्या गावाहून आले त्याच आठवड्यात. दिवेलागणीची वेळ, मी ओट्यावर उभी, आणि आभाळ पेटलं. त्या मुलीनं, म्हणजे मीच, पण तेव्हाच्या मला मुलगीच म्हणायला हवं, आतून बादली उचलली आणि आग लागली, आग लागली करत सेक्टर दहाच्या रस्त्यावर धावली. लोक दारात आले. कोणती आग विझवायला निघाली होती कोण जाणे. बादलीत पाणीसुद्धा नव्हतं.

ही गोष्ट गल्लीनं मला इतकी वर्षं ऐकवली की मी शहाणी झाले. म्हणजे जरा जास्तच. त्यानंतर आभाळात काहीही लाल, पिवळं, पांढरं दिसलं की मी खाली मान घालून म्हणायची, स्लॅग. वीज चमकली तरी स्लॅग. एकदा दिवाळीत शेजाऱ्यांचा बाण उडाला तेव्हाही तोंडातून तेच निघालं होतं.

आणि भिलाईला मी नावं ठेवायची. रोज. सकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायचं, लाल झालेलं बोट यांच्या तोंडासमोर धरायचं, मगच चहा द्यायचा. हे म्हणजे आमचे हे, यांचं नाव मी अजूनही घेत नाही, या वयात सवय मोडून काय करू. वारा कारखान्याकडून आला तर धूळ लाल, जामुलकडून आला तर सिमेंटची राखाडी. पांढरी चादर म्हणून घ्यायची आणि गुलाबी म्हणून पांघरायची. "आमच्या गावी असं नव्हतं," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं असेल की ते माझं कुंकवासारखं झालं होतं, लावल्याशिवाय दिवस सुरू व्हायचा नाही. आमच्या गावी हवा, आमच्या गावी पाणी. त्या गावी मी पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची आणि न्हाणीत बेडूक असला की किंचाळायची, हे त्या वाक्यात कुठे येत नव्हतं.

आता ती थंडी.

छत्तीसगड नवीनच झालं होतं. सुपेल्यात पेंटर लोकांची चांदी होती, दुकानांच्या पाट्यांवरचं मध्य प्रदेश खोडून छत्तीसगड लिहायचं काम निघालेलं. एका औषधाच्या दुकानावर बरेच दिवस नुसतं 'प्रदेश' एवढंच उरलं होतं, कोणता ते सांगत नव्हतं. तसंच काहीसं आमच्या घराचं झालं होतं. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. वय भरायच्या आधी नोकरी सोडा, पैसे घ्या, क्वार्टर रिकामं करा. दर दोन दारांआड कोणीतरी अर्ज दिला होता. कारखाना विकणार म्हणे, पगार अडकणार म्हणे, आज जे मिळतं ते उद्या मिळणार नाही म्हणे. चहाच्या टपरीवर जितके पेले तितक्या बातम्या. ट्रकवर चढवलेल्या पलंगाचे पाय वर करून माणसं भंडाऱ्याला, बालाघाटला, वर्ध्याला परत निघाली होती.

हे घरी काही बोलायचे नाहीत. भट्टीजवळ काम करणारा माणूस तसाही मुका होत जातो, तिथे आवाजच इतका असतो की बोलायची सवय सुटते. पण जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून ते भिंतीकडे पाहत बसू लागले. गावाकडून यांच्या धाकट्या भावाचा निरोप येऊन गेला होता, की येत असाल तर वाटणीचं पाहून घेऊ, घराची एक बाजू तुम्हाला. अर्जाचा कागद भरून देव्हाऱ्याखाली ठेवलेला मी पाहिला होता. तो द्यायचा शेवटचा दिवस जवळ येत होता, आणि आम्ही तिघं, हे, मी आणि सासूबाई, कोहळ्याच्या भावावर बोलत होतो.

मला जायचं नव्हतं.

हे वाक्य लिहायला आज किती सोपं आहे. तेव्हा त्या बाईच्या घशात ते कोहळ्याच्या बीसारखं अडकलं होतं. मला जायचं नाही, हे मला कधी कळलं तर शेजारची साहूबाई भिंतीवरून वाटीभर चुनचुनिया, इथली पालेभाजी, देत होती तेव्हा. ती दर थंडीत द्यायची, मी दर थंडीत नाक मुरडून घ्यायची. त्या दिवशी वाटी घेताना वाटलं, पुढच्या वर्षी नाक कोणाच्या भाजीला मुरडायचं? पोरगी बारावीला होती, ते कारण होतंच, आणि मोठं होतं. पण खरं सांगायचं तर मला माझी गल्ली हवी होती, माझी धूळ हवी होती. मात्र वीस वर्षं ज्या भिलाईला शिव्या घातल्या, तीच सोडायची वेळ आली तर कोणत्या तोंडानं नाही म्हणू? हे लगेच म्हणाले असते, तूच तं म्हणत होतीस. आणि सासूबाई? त्या तर संध्याकाळी ओट्यावर बसून गावच्या मातीची आठवण काढायच्या. म्हातारीला तिच्या मातीपासून अडवणारी सून मी कशी होऊ?

म्हणून मी वाट पाहत होते. कशाची ते ठाऊक नव्हतं. कोणीतरी वरून येऊन सांगावं, एवढंच.

शेवटचा दिवस उजाडायच्या आधी, पहाटेचा काळोख होता. हे रात्रपाळीला होते, सकाळी सायकलवर परत येतील, झोपतील, दुपारी उठून कागद देऊन येतील, असं ठरलेलं. म्हणजे कोणी बोललं नव्हतं, पण ठरलेलं. आणि मी बड्या घालत होते. माणसाचं डोकं बंद पडलं की हात आपलं आपलं काम करतात. वाटलेली उडदाची डाळ आणि किसलेलं कोहळं परातीत घेऊन फेटायचं, फेटत राहायचं, पांढरं, हलकं, लोण्यासारखं होईपर्यंत. मग एक थेंब पाण्यात सोडायचा. तरंगला तर बडी फुलणार, बुडाला तर पुन्हा फेटा. मागच्या अंगणात खाटेवर यांचं जुनं धोतर अंथरलं होतं. पलीकडे पेरूच्या झाडाखाली सासूबाई न्हाणीच्या पाण्याची शेगडी पेटवून पाय पसरून बसल्या होत्या. दव पडत होतं. कोळशाचा, उडदाचा आणि ओल्या मातीचा असा एकत्र वास, जो मला आजही कुठे मिळत नाही, गॅस आल्यापासून तर नाहीच.

उजेड पडला.

माझी मान खालीच. सवयीनं म्हटलं, "स्लॅग ओतला वाटते." आणि बडी टाकली.

पण स्लॅगचा उजेड केशरी असतो आणि एका जागी असतो. हा उजेड पांढरा होता, वर जराशी हिरवी झाक, आणि तो चालत होता. मला ते आभाळात नाही दिसलं, बड्यांवर दिसलं. धोतरावर मांडलेल्या प्रत्येक बडीची इवलीशी सावली एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत गेली, सगळ्यांच्या सगळ्या, एकाच वेळी, जशी कवायत करणारी पोरं मान वळवतात. पेरूच्या झाडाची सावली माझ्या पायावरून निघून भिंतीवर चढली. तेव्हा कुठे मी वर पाहिलं.

जामुलच्या बाजूनं आला असावा. मी पाहिला तेव्हा डोक्यावर होता आणि दुर्गकडे निघाला होता. गोळा म्हणू, की तोंड पुढे करून पळणारा जाळ म्हणू. चंद्रापेक्षा उजेड जास्त, आणि आवाज काहीच नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. एवढी आग आणि एवढी गप्प. आमच्याकडे आग म्हटली की भोंगा, घरघर, माणसांच्या हाका, लोखंडावर लोखंड. ही कोणाला न विचारता, कोणाला न हाक मारता चालली होती. मागे एक लांब रेघ सोडत गेली, मग तिचे दोन-तीन तुकडे झाले, तुकडे लाल झाले, विझले. अंधार पहिल्यापेक्षा काळा झाला. माझा पिठाचा हात तसाच हवेत.

जरा वेळानं दूर कुठेतरी गडगडलं. घरावरून मोठं पिंप लोटत न्यावं तसं. खिडकीच्या काचा किंचित वाजल्या.

सासूबाई राम राम म्हणत, भिंत धरून आत गेल्या. मी भिंतीवर चढून साहूबाईला हाक मारली. ती डोळे चोळत आली, तिला काही दिसलं नव्हतं, फक्त काच वाजलेली ऐकली होती. तिला हातवारे करून सांगत सांगत मी वळले, आणि पेरूच्या बुंध्याशी मला तो दिसला. काळा, मुठीपेक्षा मोठा, अंगभर भोकं, एका कडेनं काचेसारखी चमक. फटफटायला लागलं होतं. त्याच्याभोवतीचं दव सुकलं होतं.

मी बोट लावलं. गोटा कोमट होता.

आता सांगा. थंडीच्या पहाटे, दवात, अंगणात कोमट दगड कुठून येतो? त्या बाईच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? बरं, जाऊ द्या. तुम्ही विचार केला असता. तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

साहूबाई भिंतीवरून ओरडली, "झन छू दीदी, तात होही." हात नको लावू, पोळेल. मी म्हटलं, मला नाही पोळणार. काय आवाज लागला होता म्हणून सांगू. जणू आभाळातल्या कारभाऱ्यांशी माझी जुनी ओळख.

सूर्य वर येईस्तोवर गल्लीतल्या बाया आमच्या अंगणात होत्या. कोणी हळद आणली, कोणी कुंकू, साहूबाई नारळ घेऊन आली. गोट्याला पितळी ताटात बसवलं. उदबत्ती लावली. आणि मी सांगत होते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तारा दुर्गकडे गेला होता आणि गोटा नंतर सापडला होता. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो आमच्या घरावर येऊन जरा थांबला होता. पाचव्यांदा मी त्याला पेरूच्या पानांना घासून खाली येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि धप् असा आवाज झाला होता. मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच ऐकू आला होता तो धप्. प्रत्येक वेळी जरा मोठ्यानं.

कारण मला हवा होता तो. ज्या अंगणात आभाळ उतरलं, ते अंगण सोडून कोण जाईल? आता हे येतील, पाहतील, कागद आपोआप देव्हाऱ्याखालीच राहील, आणि मला वीस वर्षांतला एकही शब्द परत घ्यावा लागणार नाही. सगळं दगडानं केलं, मी कुठे काय म्हणाले? आज त्या बाईची हुशारी आठवली की हसू आवरत नाही. तिच्या मनात चोर होता आणि तिने त्याला हळद-कुंकू लावलं होतं.

सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. बायांनी त्यांच्याही पाया पडून घेतलं. त्या ताटाकडे पाहत होत्या, आणि तोंड असं करून बसल्या होत्या की दात दुखतो आहे असं वाटावं.

आणि हे आले.

सकाळच्या वेळी दारात बायांची गर्दी, आत उदबत्तीचा वास, आणि घरात म्हातारी आई. हे काय समजायचं ते समजले. सायकल स्टँडवर लावायचंही भान राहिलं नाही, ती तशीच कुंपणावर पडली. मफलर गळ्यातून अर्धा खाली लोंबत, ते बायांमधून वाट काढत मागच्या अंगणात आले, आणि आई खाटेवर बसलेली दिसली. तिथेच पायरीवर बसले. दोन्ही हात डोक्याला लावून बसले. माझी सगळी तयार केलेली वाक्यं तिथल्या तिथे वाळली. मी फक्त पाण्याचा पेला नेऊन दिला.

मग त्यांना गोष्ट सांगितली. मी नाही, साहूबाईनं. त्यांनी ताटातल्या गोट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा गोट्याकडे पाहिलं.

साहूबाईनं ताट उचललं. म्हणाली, घरात नको दीदी, उग्र असतं हे, चला, कोपऱ्यावरच्या शंकराच्या देवळात ठेवून येऊ. बायांनी पदर सावरले, निघाल्या. तेव्हा सासूबाई बोलल्या.

"देवळात नेऊन ठेवसान तं माह्या गुडघ्याले कोन शेकन?"

कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

"माहा गोटा हाय तो," त्या म्हणाल्या. "रोज शेगडीत तापवतो, फडक्यात गुंडाळतो, गुडघे शेकतो. आज तो जाळ दिसला तं हातातून पडला. ठेवा तो खाली."

रस्ता करायला कारखान्याचा मळ फोडून टाकला होता, त्यातला एक तुकडा त्यांनी कधीच्या काळी उचलून आणला होता. ऊब फार वेळ धरतो, म्हणाल्या. मला का नाही सांगितलं? कारण यांनी पोरीसाठी असे चकचकीत तुकडे आणले की मी ते रस्त्यावर फेकायची, कारखान्याचा कचरा माझ्या घरात नको म्हणून. म्हणून त्या बिचाऱ्या, सुनेच्या आधी उठून, चोरून शेकायच्या, आणि गोटा आपल्या लुगड्यांच्या गाठोड्यात लपवून ठेवायच्या; त्या दिवशी मी आधीच उठलेली, म्हणून काळोखात पदराआड. म्हणजे भिलाईतल्या साध्या स्लॅगच्या ढेकळाला मी आभाळातला देव केला होता. आणि आभाळातून खरोखर जाणाऱ्याला स्लॅग म्हणाले होते. एका सकाळीत दोन्ही. हे जमायला अंगात गुण लागतो.

साहूबाई ताट घेऊन खाली बसली ती हसत हसत आडवीच झाली. बाया हसल्या, मग घरोघरी गेल्या, आणि दुपारपर्यंत सेक्टर दहामध्ये माझी रिकाम्या बादलीची गोष्ट जुनी झाली होती. नारळ तेवढा साहूबाईनं परत नेला नाही. आम्ही त्याची चटणी केली.

पोरगी शाळेला गेली होती, आम्ही तिघं उरलो. मी चहा केला. लाज इतकी वाटत होती की त्या दिवशी कठड्यावर बोट फिरवायचं राहून गेलं. सासूबाईंनी हळद-कुंकवासकट गोटा पुन्हा शेगडीत टाकला होता. यांनी बशीत चहा ओतला, आणि न पिता म्हणाले, "मलेही दिसला तो."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"पाळी संपाले आली होती. बाहेर हवा खात उभा होतो. आयुष्य आगीसमोर गेलं, पन अशी आग नाही पाह्यली. कोनी ओतली नाही, कोनी ढकलली नाही, आपली आपली चालली. आन् मनात काय आलं, सांगू? का घरी जाऊन सांगाव." बशी खाली ठेवली. "घर म्हंतल्यावर डोयापुढं हेच आलं. हा पेरू. तू पीठ फेटून राहिलीस ते. गाव नाही आलं."

यांना एका वेळी इतकं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं, नंतरही फारसं नाही. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या.

"मंग कावून जाऊन राहिला?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी," ते म्हणाले. "आईले तिची माती पाह्यजे. तुले तं इथं एक दिवस करमलं नाही."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "मातीची आठवन येते म्हंतलं, बाबू. जातो म्हंतलं काय मी? तिथं माह्या बरोबरीचं कोन उरलं आता? लहान्याची बायको मले शेगडी पेटवू देईन काय?" आणि माझ्याकडे वळून, "तू बोल व. तुलेच गावाची हवा लागते."

आता माझ्यावर आलं होतं. तो न गिळता येणारा, न थुंकता येणारा घास. दगड असता तर दगडानं सांगितलं असतं. दगड शेगडीत होता.

मी म्हटलं, "मले भिलाईले नावं ठेवाची सवय लागली. भिलाई सोडली तं कोनाले ठेवू?"

हे हसले. आधी नुसते नाकातून, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत. सासूबाईही. मी हसत होते की रडत होते ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं, आणि आता खूप वर्षं झाली. तिघांनाही राहायचं होतं आणि तिघं एकमेकांसाठी निघालो होतो, सामान बांधायचं तेवढं उरलं होतं. आमच्यासारखी शहाणी माणसं शोधून सापडणार नाहीत.

पुढे यांची नोकरी पूर्ण झाली, क्वार्टर वयानुसार सोडावंच लागलं, पण तोवर पोरगी शिकली, तिचं लग्न झालं, आणि आम्ही गेलो तेही सुपेल्याच्या मागे, दोन खोल्या बांधून. तिथेही धूळ येते. सासूबाई त्याआधी गेल्या, झोपेत, शांतपणे. यांना आता एका कानानं कमी ऐकू येतं, त्या कानाच्या बाजूला बसून मी अजून भिलाईला नावं ठेवते. पेपरात त्या ताऱ्याबद्दल दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या होत्या, की दूरदूरच्या गावांतून दिसला, पडलेलं काही सापडलं नाही. लोकांना वाटतं, असं काही दिसलं म्हणजे त्याचा काहीतरी अर्थ असणार. त्या सकाळी मलाही वाटलं होतं. आज वाटतं, त्याचं आमच्याशी काही काम नव्हतं. तो आपल्या वाटेनं गेला. फक्त जाताना त्यानं सगळ्यांना मान वर करायला लावली, आणि खाली आणली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं आहे.

यांनी अंघोळ केली, दोन घास खाल्ले, अंथरुणावर पडले. रात्रपाळीहून आले की झोपण्याआधी ते मला रोज सांगायचे, अमक्या वेळी उठव. त्या दिवशी मी दारात उभी राहिले, ते काय सांगतात ते ऐकायला. त्यांनी पांघरूण मानेपर्यंत ओढलं. कागद देव्हाऱ्याखाली होता, अर्ज घेणारं दफ्तर, म्हणजे कारखान्याचं ऑफिस, संध्याकाळी बंद होणार होतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"आज उठवू नको," ते म्हणाले.

मी दाराबाहेर ओट्यावर बसले. दुपारभर माणसं येत राहिली, दुसऱ्या गल्लीतली, पलीकडच्या सेक्टरमधली, कोणाला तारा पाहायचा होता, कोणाला तारा पूजणारी बाई पाहायची होती. मी ओठावर बोट ठेवून सगळ्यांना परत पाठवलं. ऊन ओट्यावरून सरकत गेलं. आतून घोरणं येत होतं. लग्नापासून ज्या आवाजानं माझी झोप मोडली, तो मी त्या दिवशी कान देऊन ऐकत होते. मध्येच थांबला की माझा जीव वर यायचा, की जागे झाले, उठतील, कपडे घालतील. मग पुन्हा सुरू व्हायचा.

पहिल्या पाळीची माणसं घरी परतली. पोरं खेळायला बाहेर पडली. त्यांना मी हळू आवाजात दरडावलं. ऊन भिंतीवर गेलं, भिंतीवरून झाडांच्या शेंड्यांवर गेलं, मग राहिलंच नाही. रस्त्यावरचे दिवे लागले.

आत गेले तेव्हा यांचे डोळे उघडे होते. अंधारात छताकडे पाहत होते.

"सांज झाली काय?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हटलं. "दफ्तर बंद झालं असन."

"बरं," ते म्हणाले, आणि कूस बदलून पुन्हा झोपले.